चावी कोणाच्या हाती?

(संगणक-ओळख शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

मी काही संगणकतज्ज्ञ नाही. तुमच्यासारखीच भीत भीत शिकलेली. कित्येक वर्षं मी नुसतं टायपिंग करत होते; 'आतलं आपल्याला काय कळणार' हे मनात पक्कं बसलेलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयातला संगणक एका सकाळी सुरूच होईना. बारा बचत गटांचे हिशेब त्यात होते. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, विंडोज उडाली. फॉरमॅट मारावं लागेल. आतलं सगळं जाणार." आम्ही मान डोलावणार, तोच आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "विंडोज उडाली, पण हिशेबही उडाले कशावरून?"

हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकीला विचारता यावा, एवढ्यासाठीच आजचं बोलणं.

एक शिवणकेंद्र डोळ्यांसमोर आणा. मशीन, टेबल, कपाट हा झाला हार्डवेअर. केंद्र चालवणारी व्यवस्थापिका सकाळी कुलूप उघडते, कोणी कुठल्या मशीनवर बसायचं ते ठरवते, कपाटात कुठला कपडा कुठे आहे याची नोंद ठेवते. ती म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, आपण तिला प्रणाली म्हणू. विंडोज, लिनक्स, मोबाइलमधलं अँड्रॉइड, या सगळ्या प्रणाली. कापणारी, शिवणारी, काज-बटण करणारी या कारागिरणी म्हणजे ॲप्लिकेशन. वर्डमध्ये पत्र लिहायचं, एक्सेलमध्ये हिशेब मांडायचा, व्हॉट्सॲपवर निरोप धाडायचा. आणि कपाटातले शिवून ठेवलेले कपडे म्हणजे आपल्या फायली.

आता सांगा, व्यवस्थापिका आजारी पडली तर केंद्राचं दार उघडणार नाही. पण कपाटातले कपडे जळतात का? नाही. दुसरी कोणी येऊन दार उघडू शकते. आम्ही तेच केलं. लिनक्स ही प्रणाली १९९१ साली लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने सुरू केली. ती फुकट मिळते आणि पेन ड्राइव्हवर तयार करून तिच्यावरून संगणक सुरू करता येतो. त्या मुलीने तसा तो सुरू केला, फायली बाहेर काढल्या, मग खुशाल फॉरमॅट केलं. एक्सेल नव्हतं, तर फुकटच्या लिबरऑफिसमध्ये हिशेब उघडले. कारागीर बदलली, कपडा तोच राहिला.

मात्र दोन अडचणी येऊ शकतात. कपाटच मोडलं, म्हणजे डिस्क खराब झाली, तर कपडेही जातात. म्हणून प्रत्येक फायलीची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवायचीच. आणि काही संगणकांत कपाटालाही कुलूप असतं. त्याची रिकव्हरी की आपल्या वहीत लिहिलेली हवी.

इथे खरा मुद्दा येतो. प्रणालीत कोणाला काय करता येईल, हे ॲडमिनिस्ट्रेटर ठरवतो. आमच्या संगणकावर तो कोण होता? दुरुस्तीवाला! पासवर्डही त्याच्याकडेच. संगणक आमच्या पैशांचा, राबणाऱ्या आम्ही, चावी त्याच्या खिशात. जमिनीच्या सातबाऱ्याची गोष्ट आठवते ना?

मोबाइलमध्येही हेच. ॲप तुमचा माइक, कॅमेरा, फोननंबरांची यादी मागतं. ते देणारी प्रणाली, आणि परवानगी तुमची. सेटिंग्जमध्ये जाऊन दिलेली परवानगी परत घेता येते. नवऱ्याने किंवा भावाने फोन 'लावून' दिला असेल, तर हे आज घरी गेल्यावर जरूर पाहा.

आणि हे बायकांचं कामच नाही, असं कोणी म्हणालं तर एवढं सांगा. अमेरिकेत १९४६ साली एनिॲक हा संगणक जगासमोर आला, तेव्हा प्रणाली नावाची गोष्टच नव्हती. प्रत्येक नव्या गणितासाठी वायरी जोडून, खटके बदलून यंत्राला कामाला लावावं लागे. ते काम सहा स्त्रियांनी केलं. त्यांची दखल मात्र कित्येक दशकं कोणी घेतली नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, सगळं आलं पाहिजे असं नाही. बिघडलं तर एवढंच विचारा: यंत्र बिघडलं, प्रणाली बिघडली, ॲप्लिकेशन बिघडलं, की फाइल गेली? आणि चावी कोणाकडे आहे? उत्तर मिळाल्याशिवाय 'हो' म्हणू नका.