अमेरिकेतील सुगीच्या सणाचा उगम
(महोत्सवी सभेतील व्याख्यान)



नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी आणून आपण आगेरा साजरा करतो. म्हणूनच अमेरिकेतील ‘थँक्सगिव्हिंग’ या सुगीच्या सणाविषयी आपणांपैकी पुष्कळांस आपुलकी वाटते. धर्मासाठी घरदार सोडून आलेल्या काही इंग्रजांनी पहिले पीक हाती येताच देवाचे आभार मानले, तोच हा सण, असा आमचाही समज पुष्कळ वर्षे होता. परंतु मूळ हकीकत वाचली तेव्हा ती बरीच निराळी निघाली.

‘मेफ्लॉवर’ नावाच्या जहाजातून १०२ उतारू १६२० च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या किनाऱ्यास लागले व पुढे प्लिमथ येथे त्यांनी वस्ती केली. पहिल्याच हिवाळ्यात थंडीने व रोगाने त्यांपैकी सुमारे निम्मे दगावले. उरलेल्यांनी १६२१ साली मका पेरला आणि तो चांगला आला. त्या सुगीचे वर्णन एडवर्ड विन्स्लो या वसाहतवाल्याच्या ११ डिसेंबर १६२१ च्या पत्रात अवघ्या काही ओळींत आहे. गव्हर्नराने चार माणसे पक्ष्यांच्या शिकारीस धाडली. वांपानोआग लोकांचा राजा मॅसासॉइट सुमारे ९० माणसांसह आला. त्यांनी पाच हरणे मारून आणली. तीन दिवस मेजवानी चालली, बंदुकांचे बार झाले. देवाच्या कृपेने आता ददात उरली नाही, असे विन्स्लो लिहितो खरे. पण उपासनेचा उल्लेख तेथे नाही, व या मेजवानीस तो आभारदिन म्हणतही नाही. नाताळदेखील न पाळणारी ही कडवी मंडळी. त्यांच्या लेखी आभारदिन म्हणजे प्रार्थनेचा दिवस. तसा दिवस त्यांनी १६२३ साली पाळला, अवर्षणाने पिके करपत असता पाऊस आला तेव्हा.

मेजवानीस ‘पहिला आभारदिन’ हे नाव पडले ते १८४१ साली, अलेक्झांडर यंग यांनी पत्र छापून खाली टीप जोडली तेव्हा. सारा जोसेफा हेल या बाईंनी वर्षानुवर्षे चिकाटीने मागणी केली आणि यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत, १८६३ साली, अध्यक्ष लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार सर्व राष्ट्रासाठी नेमला. १९४१ च्या कायद्याने तो चौथा गुरुवार झाला. आपल्यापैकी कोणी अभिमानाने सांगतात की, फ्लॉरिडात सेंट ऑगस्टिन येथे स्पॅनिश लोकांनी ८ सप्टेंबर १५६५ रोजी मिस्सा केली व तेथील रहिवाशांस जेवू घातले, तेव्हा पहिला मान आपला. घटना खरी आहे. परंतु तो सुगीचा प्रसंग नव्हता, आणि ही चढाओढ आम्हांस रुचत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्या शेताची आहे. प्लिमथची जमीन वसाहतवाल्यांस मोकळी व मशागत केलेली मिळाली. कारण तेथे पूर्वी पटुक्सेट नावाचे गाव होते. १६१६ ते १६१९ या वर्षांत आलेल्या साथीने ते ओस पडले. त्या गावचा टिस्क्वांटम हा इसम तेवढा वाचला, तोही अशासाठी की १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने त्यास फसवून पकडून स्पेनमधील मालागा येथे गुलाम म्हणून विकावयास नेले होते. तेथील मठवासी धर्मबंधूंनी पकडलेल्यांपैकी काहींना सोडवून घेतल्याचे त्या काळच्या लेखात नमूद आहे. पुढे तो इंग्लंडमार्गे परतला तेव्हा घरी कोणी नव्हते. त्यानेच आपल्या गावाच्या मातीत मासे पुरून मका कसा लावावा, हे परक्यांस शिकविले. १६२२ साली तो वारला. मरतेसमयी, इंग्रजांच्या देवाजवळ स्वर्गात आपणांस जागा मिळावी म्हणून प्रार्थना करा, असे त्याने गव्हर्नर ब्रॅडफर्ड यांस विनविले, असे ब्रॅडफर्ड यांनीच लिहून ठेविले आहे.

मॅसासॉइटने केलेला तह त्याच्या हयातीत टिकला. नंतर इंग्रजांची जमिनीची भूक वाढत गेली, १६७५ साली युद्ध पेटले, आणि १६७६ साली त्याच्याच मुलाचे, मेटाकॉमचे, शिर प्लिमथमध्ये खांबावर लावण्यात आले. १९७० पासून वांपानोआग वंशज व त्यांचे सोबती त्याच गुरुवारी प्लिमथच्या टेकडीवर जमून शोकदिन पाळीत आले आहेत. खाली गावात त्याच वेळी घरोघरी मेजवानीची पाने मांडलेली असतात.