नाव त्यांचे, शिवी दुसऱ्यांची
(कामगार अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मिरज-कोल्हापूर लाईनवर ज्यांनी नोकरी केली त्यांना वळिवडे स्टेशन ठाऊक आहे. १९४३ ते १९४८ या काळात त्या गावाजवळच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुले. कोल्हापुरात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. आपण त्यांना निर्वासित म्हणून ओळखले. पण याच लोकांना युरोप-अमेरिकेत कोणत्या नावांनी हिणवले गेले, ते आज सांगायचे आहे. कारण त्या हकीकतीत खाणकामगार आहेत, पोस्टवाले आहेत आणि रेल्वेवालेही आहेत.

'पोलाक' हा शब्द घ्या. पोलिश भाषेत त्याचा अर्थ एवढाच, पोलंडचा माणूस. पोलिश माणूस स्वतःला अभिमानाने तेच म्हणवतो. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकातही हा शब्द आहे, आणि तिथे ती शिवी नाही. मुंबईत आपल्याला 'घाटी' म्हटले की कसे झोंबते, हे इथल्या पुष्कळांना सांगायला नको. घाटावरून आलेला, एवढाच त्याचा अर्थ. पण म्हणणाऱ्याचा सूर वेगळा असतो. 'पोलाक'चेही तसेच झाले.

ते कसे झाले? १७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंडची अखेरची वाटणी केली. १९१८ पर्यंत हा देश नकाशावर नव्हता. दुसऱ्याचे घर बळकावणाऱ्याला घरमालक नालायक होता असे सांगावेच लागते. जर्मन भाषेत 'पोलिश कारभार' म्हणजे गबाळा कारभार, असा वाक्प्रचारच रूढ झाला. पुढे पोटासाठी हा माणूस जर्मनीच्या रूर भागातल्या कोळसा खाणींत आला. तिथे तो 'पोलाके' झाला, वर 'मजुरी पाडणारा' हा शिक्का. मजुरी पाडत होता खाणमालक, पण बोल लागला परभाषिक कामगाराला. जर्मन संघटनांचे अनेक सभासदही याला बळी पडले. अखेर १९०२ मध्ये पोलिश कामगारांनी बोखुम शहरात स्वतःची युनियन काढली. १९०५ च्या मोठ्या खाणसंपात मात्र ती युनियन जर्मन संघटनांच्या बरोबरीने संयुक्त समितीत बसली.

अमेरिकेत किंमत जास्त पडली. पेनसिल्व्हेनियाच्या खाणपट्ट्यात पोलिश, स्लोव्हाक, लिथुआनियन सगळ्यांना सरसकट 'हंकी' म्हणत. हा शब्द मुळात हंगेरीच्या लोकांवरून आलेला. माणूस कुठला आहे हे विचारण्याची गरजसुद्धा वाटत नव्हती! १८९७ मध्ये त्या राज्याने परदेशी मजुरांवर दिवसाला तीन सेंट कर बसवला. भरायचा मालकाने, पण कापायचा मजुराच्या पगारातून. ऑगस्टमध्ये कोर्टाने तो रद्द केला, तोवर संप पेटला होता. १० सप्टेंबर १८९७ रोजी तीन-चारशे खाणकामगार लॅटिमर गावाकडे मोर्च्याने निघाले. हातात काठीही नव्हती, पुढे अमेरिकेचा झेंडा होता. शेरीफ जेम्स मार्टिन आणि त्याच्या बंदूकधाऱ्यांनी गोळीबार केला. १९ जण ठार झाले. अनेकांच्या पाठीत गोळ्या लागल्या होत्या, म्हणजे ते पळत होते. १८९८ मध्ये सारे आरोपी निर्दोष सुटले. मेलेले जर 'हंकी' नसते तर हे इतक्या सहज झाले असते, असे मला वाटत नाही.

आता युनियनचे पाहा. या परदेशी लोकांना संघटना कळत नाही, ते संपफोडे आहेत, असे तिथले जुने इंग्रजी बोलणारे कामगार म्हणत. लॅटिमरनंतर याच लोकांनी खाणकामगार युनियनमध्ये हजारोंनी नावे घातली. अध्यक्ष जॉन मिचेल यांनी कोळशाला देश नसतो, असा प्रचार केला. १९०२ च्या संपात सुमारे दीड लाख कामगार पाच महिने टिकले, आणि दहा टक्के पगारवाढ व नऊ तासांचा दिवस मिळाला.

शिवी तरीही मेली नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत अमेरिकेच्या टीव्हीवर 'मूर्ख पोलिश माणसा'चे विनोद धो-धो चालले. नोकरीत आणि शाळेत टोमणे नकोत म्हणून लोकांनी आडनावे बदलली. विनोदच तर आहे, असे म्हणणारे तेव्हाही होते. त्यांच्यासाठी थोडे मागे जातो.

१ सप्टेंबर १९३९. पहाटे हिटलरच्या सैन्याने पोलंडवर हल्ला केला. शिमानकोवो स्टेशनवरच्या पोलिश रेल्वे कर्मचाऱ्यांनी जर्मन सैनिक दडवलेली गाडी साइडिंगला घातली, त्चेव्हच्या पुलावरच्या आपल्या लोकांना इशारा दिला आणि पूल उडवायला वेळ मिळवून दिला. त्याच दिवशी तिथल्या सुमारे वीस रेल्वे व कस्टम कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या नातलगांना ठार केले गेले. त्याच दिवशी डान्झिग शहरातले पोलिश पोस्ट ऑफिसही वेढले गेले. आतल्या पन्नासहून अधिक लोकांनी, त्यांत बहुतेक आपल्यासारखे पोस्टवालेच, सुमारे चौदा तास इमारत लढवली. शेवटी जर्मनांनी तळघरात पेट्रोल सोडून आग लावली.

मार्च १९४० पासून जर्मनीत वेठीला धरलेल्या पोलिश मजुराला छातीवर पिवळ्या तुकड्यावर जांभळे 'पी' अक्षर शिवावे लागे. बस-गाडीत बसायला, हॉटेलात शिरायला त्याला बंदी होती. पूर्वी जे तोंडाने म्हणत होते, ते आता कपड्यावर शिवले होते.

डान्झिगच्या ३८ पोस्ट कर्मचाऱ्यांना जर्मन लष्करी न्यायालयाने 'बेकायदा बंडखोर' ठरवले आणि ५ ऑक्टोबर १९३९ रोजी गोळ्या घातल्या. तो निकाल जर्मनीतल्याच ल्यूबेक शहराच्या कोर्टाने रद्द केला तो १९९८ मध्ये. तोवर ५९ वर्षे सरकारी कागदावर ते गुन्हेगार होते.