उजनीचा उन्हाळी मासा



उन्हाळ्यात उजनीचे पाणी फारच ओसरले, म्हणजे पळसदेवचे बुडालेले देऊळ उघडे पडते आणि मासा भीमेच्या जुन्या पात्रात गोळा होतो. करमाळा-इंदापूरच्या काठावर होड्या तिकडेच वळतात. १९८० साली धरण पुरे झाले. ज्यांची शेते बुडाली त्यांतल्या काहींनी नांगर ठेवून जाळे उचलले.

आता माशांचे पाहा. कटला, रोहू, मृगळ हे वाहत्या पाण्याचे जीव. पावसाळ्यात पूर आला की ते प्रवाहात चढून अंडी सोडतात. साचल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. चिलापी पडली आफ्रिकेची. अंडी तोंडात सांभाळणाऱ्या त्या मादीला पुराची गरजच काय? म्हणून भिगवणला चिलापीचे ढीग दिसतात.

गळाला मासा एकेक लागतो. (गळ टाकून बसणाऱ्याला आपण आळशी म्हणतो, ते असो.) पण बारीक आसाचे वडाप कोंडलेल्या पाण्यात ओढले, तर कटल्याची बोटभर पिलेही निघतात, आणि पुढच्या पुरात चढायला कोणी उरत नाही. ज्याची चूल आज पेटायची आहे त्याला मी काय उपदेश करणार? लिलावात मात्र त्या पिलांना भाव मिळता कामा नये.