पाण्याची पाळी आणि संगणकाची आज्ञा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय आपल्या अभ्यासवर्गांत सहसा नसतो. जमीन, पाणी, कापसाचा भाव, रोजगार हमी हे आपले नेहमीचे विषय. त्यांत मुलांना संगणक शिकवण्याचा प्रश्न कोठून आला, असे काहींच्या मनात येईल. तो पाण्याच्याच वाटेने आला आहे, हे दाखवण्याचा माझा प्रयत्न राहील.

जळगावपासून शिरपूरपर्यंत कोणत्याही गावी जा, लहान मुलांना 'कोडिंग' शिकवण्याच्या पाट्या दिसतात. २०२०च्या टाळेबंदीत तर सहा-सात वर्षांचे मूल आज्ञावली लिहून कोट्यधीश होणार अशा जाहिराती घरोघरच्या मोबाइलवर पोचल्या. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा अंतर्भाव केला. ज्याच्या खिशात पैसा आहे तो ही विद्या आजच विकत घेतो आहे. पाड्यावरच्या मुलाने तिची वाट पाहायची आहे.

यावर आपल्या गोटात दोन प्रतिक्रिया उमटतात. एक जुनी आहे. १९६०च्या दशकात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी कलकत्त्यात संगणकाला विरोध केला. रोजगाराची ती चिंता खोटी नव्हती, परंतु यंत्र आले आणि राहिले. दुसरी प्रतिक्रिया नवी आहे: शाळेला यंत्र मिळवून द्या, बाकी आपोआप होईल. गेल्या दशकाच्या मध्यात धुळे जिल्ह्यात लोकवर्गणीच्या आधाराने जिल्हा परिषदेच्या हजारावर शाळा 'डिजिटल' झाल्या. गरीब गावांनी पदरमोड केली, ही गोष्ट आदराने नोंदवण्यासारखी आहे. तथापि पडद्यासमोर बसलेले मूल प्रेक्षकच राहते. दुसऱ्याने रचलेले पाहणे आणि स्वतः रचणे यांत ग्राहक आणि उत्पादक यांच्याएवढे अंतर आहे, आणि समाजवाद्याला ते समजावून सांगण्याची गरज नसावी.

रचणे म्हणजे काय? एखादे काम लहान लहान पायऱ्यांत फोडायचे, त्या पायऱ्यांचा क्रम लावायचा, आणि अमुक परिस्थिती असेल तर हे करा, नसेल तर ते करा, अशा अटी निःसंदिग्ध शब्दांत घालायच्या. आज्ञावलीचा गाभा एवढाच. हा विचार खानदेशाला परका नाही. आपल्या पांझरेच्या काठी तो काही शतके नांदला आहे.

फड पद्धतीचे नाव येथे बहुतेकांनी ऐकले असेल. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघणारा पाट, पाटाखाली भिजणारे थळ, आणि थळाचे तीन-चार फड. एका फडात एका हंगामी एकच पीक, आणि पिकांची फडाफडांतून फेरपालट. कोणत्या फडात काय घ्यायचे हे खातेदार एकत्र बसून ठरवीत. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे, देखरेख हवालदाराची, पिकाची राखण जागल्याची. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा. साधारणतः एकेका खातेदाराची जमीन निरनिराळ्या फडांत वाटलेली असल्यामुळे टंचाईचा भार एकाच्या डोक्यावर न पडता सर्वांत विभागला जाई. वरच्या अंगाला झालेली धरणे, विहिरी आणि विजेचे पंप यांमुळे ही व्यवस्था पुष्कळ ठिकाणी मोडली, परंतु जाणती माणसे साक्री तालुक्यात अद्याप भेटतील.

आता सातवीच्या वर्गात हा पाठ कसा होईल ते पाहा. शिक्षक अंगणात चार चौकोन आखतात. चिंचोके हे पाणी. मुलांनी नियम लिहायचा: पाणी चारही फडांना पुरत असेल तर सर्वांना पाळी द्या, पुरत नसेल तर एक फड वगळा. मग प्रश्न येतो, कोणता? एखादी मुलगी म्हणेल, मागल्या वर्षी जो वगळला तो यंदा वगळायचा नाही. म्हणजे मागल्या वर्षीची नोंद ठेवावी लागली. संगणकशास्त्रात ज्याला स्मृती म्हणतात ती येथे गरजेतून जन्माला आली. पुढे शिक्षक विचारतात: ज्याची सगळी जमीन त्या एकाच फडात आहे, त्याने काय खायचे? येथे वर्ग थांबतो, वाद होतो आणि नियम बदलतो. यंत्राला अद्याप हातही लागलेला नाही. तो दुसऱ्या दिवशी लागेल आणि हाच नियम पडद्यावर चालवून पाहता येईल. पण मुलांना विद्येचे मर्म पहिल्याच दिवशी कळलेले असेल: नियम आकाशातून पडत नाही, कोणीतरी तो लिहितो, आणि जो लिहितो तो कोणाच्या शेतात पाणी जाईल हे ठरवतो.

हे मर्म ज्यांना कळलेले नसते त्यांचे काय होते, ते आपण २०१७ साली पाहिले. जूनमध्ये कर्जमाफी जाहीर झाली. दीड लाखाची मर्यादा, पात्रतेच्या अटी, अर्ज ऑनलाइन. शेतकरी सेवा केंद्रापुढे रांगा लावून उभे राहिले. ऑक्टोबरात याद्या आल्या तेव्हा त्यांत चुका निघाल्या आणि रकमा रखडल्या. आपण मोर्चे काढले ते योग्यच केले. पण कोणत्या अटीपाशी कोणाचा अर्ज अडला, हे वाचून दाखवू शकेल असा मनुष्य आपल्या बाजूला किती तालुक्यांत होता? रेशन दुकानात अंगठा जुळत नाही म्हणून म्हातारी परत फिरते, तेव्हाही अंगठा जुळला नाही तर काय करावे याची वाट कोणीतरी लिहिलेली असते किंवा लिहायची राहिलेली असते. मोर्चा नेमका त्या ओळीवर नेता आला पाहिजे.

वनहक्काचेही तसेच. २००६च्या कायद्याखालील नियमांत २०१२ साली सुधारणा झाली. उपग्रहाची छायाचित्रे दावेदाराच्या पुराव्याला पूरक म्हणून वापरावीत, त्याच्या पुराव्याची जागा त्यांनी घेऊ नये, असे तीत म्हटले आहे. चोपडा-यावलच्या डोंगरातील पावरा मुलीला तो नकाशा स्वतः वाचता आला, तर साहेबाने दाखवलेल्या रेषेपुढे तिच्या बापाला मान खाली घालावी लागणार नाही.

आपल्या संस्कृतीतून आणि मूल्यांतून ही विद्या शिकवण्याचा विचार जगात इतरत्रही झाला आहे. कॅनडाच्या उत्तरेस नुनावुत नावाचा प्रदेश १९९९ साली स्थापन झाला. वस्ती सुमारे ४० हजार, बहुसंख्य लोक इनुइट. या लोकांच्या मुलांना एके काळी निवासी शाळांत नेऊन त्यांची भाषा तोडली गेली. त्याच प्रदेशातील पांगनिरतुंग या खेड्यातून पिंगुआक नावाची संस्था निघाली. तिने गाण्यांतून इनुक्टिटुट भाषा शिकवणारे ॲप केले आणि मुलांना संगणकावरचे खेळ रचायला शिकवले. नुनावुतच्या शासनाने आपल्या कारभाराची पायाभूत तत्त्वे म्हणून परंपरागत इनुइट मूल्ये स्वीकारली आहेत. पाहून, करून आणि जाणत्याच्या सोबतीने कौशल्य मिळवणे हे त्यांतील एक. चर्चेने एकमत करून निर्णय घेणे हे दुसरे. समान कार्यासाठी एकत्र राबणे हे तिसरे. फडाच्या बैठकीत बसलेल्या आपल्या आजोबांना यातले काही नवे वाटले असते काय?

इनुइटांचे भाऊबंद असलेल्या इनुपियाक लोकांची अलास्कातील एक हकीकत मला फार बोलकी वाटते. त्यांची मोजणी विसाच्या पटीत चालते. शाळेतले दहाचे अंक तिच्याशी जुळत नाहीत, हे काक्तोविक गावच्या मुलांच्या ध्यानात आले, आणि १९९४ साली त्यांनी शून्य ते एकोणीस असे वीस नवे अंक स्वतःच तयार केले. २०२२ साली ते अंक युनिकोड या जागतिक संगणकलिपीत दाखल झाले. आपल्याकडेही 'तीन विसा' म्हणजे साठ असे मोजणारी माणसे होती, आणि शाळेने ती मोजणी अडाण्याची ठरवली. ती अडाणी नव्हती. गणिताच्या दृष्टीने तो वेगळा पाया होता. संगणक तर दोनाच्या पायावर मोजतो. ज्या मुलाला वीस आणि दहा असे दोन पाये ठाऊक आहेत, त्याला तिसरा समजावणे सोपे आहे.

महाराष्ट्रातही वाट पडलेली आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. गावाला लागणारे काम करता करता शिकायचे ही त्यांची पद्धत. अमेरिकेतील एम.आय.टी.ने आपल्या संस्थेबाहेर पहिली 'फॅब लॅब' २००२ साली या पाबळलाच सुरू केली. प्रगत तंत्रज्ञान आणि खेडे यांचे वैर नाही, याचा यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

भाषेचा मुद्दा यात मध्यवर्ती आहे. २०११च्या जनगणनेत खानदेशी, म्हणजे मुख्यतः अहिराणी, बोलणारे १८ लाखांहून अधिक नोंदले गेले. वर शिरपूर-चोपड्याच्या डोंगरात पावरी आणि भिलीच्या बोली आहेत. आश्रमशाळेत येणारे मूल आपली बोली दाराबाहेर ठेवून आत येते, मग मराठीशी झगडते, आणि आता संगणकासाठी इंग्रजीशी झगडणार. याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीता मराठीत सांगितली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. एका काळी संस्कृतात कोंडलेले ज्ञान त्यांनी कैद्यांच्या भाषेत आणले. आजचे कोंडलेले ज्ञान इंग्रजीत आहे. यंत्राला द्यायच्या शेवटच्या आज्ञा इंग्रजी चिन्हांत असतील तर असोत. विचार, वाद आणि नियमाची पहिली मांडणी मुलाच्या बोलीत झाली पाहिजे.

आता एक इशारा. संस्कृतीच्या नावाखाली सगळे जुने डोक्यावर घेण्याचे कारण नाही. फडाच्या न्यायात ज्याला जमीन होती त्यालाच पाळी होती. भूमिहीनाला पाणी नव्हते, आणि बैठकीत बाईला जागा नव्हती. हेही वर्गात सांगितले पाहिजे. किंबहुना पाठाचा शेवट तेथेच व्हावा: या नियमात भूमिहीनाचा वाटा कसा घालाल? परंपरेतून मूल्य घ्यायचे ते पारखून. जी परंपरा आज्ञावलीसारखी दुरुस्त करता येते, तीच जिवंत.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. जेथे शिक्षकच पुरेसे नाहीत तेथे संगणक कसला? आक्षेप रास्त आहे, म्हणूनच मी चिंचोक्यांपासून सुरुवात केली. चांगला शिक्षक ही या विद्येची पहिली गरज, यंत्र ही दुसरी. आणि ज्या शासनाने २०२३ साली २०पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याचे धोरण पुढे आणले, त्याला विचारले पाहिजे की पाड्यावरची शाळाच उठली तर मुले कोडिंग कोठे शिकणार.

तेव्हा कार्यकर्त्यांनी तीन कामे हाती घ्यावीत. पहिले, प्रत्येक केंद्रशाळेत किमान एका शिक्षकाला सरकारी खर्चाने हे प्रशिक्षण मिळावे अशी मागणी जिल्हा परिषदेकडे लावून धरा. ही विद्या शुल्क भरणाऱ्यांची मिरास होता कामा नये. दुसरे, आपल्या गावचे जुने पाटकरी, विसाने मोजणाऱ्या आजी, अहिराणी नि पावरी जाणणारे लोक यांची शाळेशी गाठ घालून द्या. ते या विषयाचे शिक्षकच आहेत. तिसरे, सरकारी योजनेचा प्रत्येक ऑनलाइन अर्ज युवक शाखेने अटीअटीने वाचावा, आणि कोणती अट कोणाला बाहेर ठेवते याचा तक्ता गावच्या चावडीवर लावावा.

पाटावर पहारा ठेवल्याशिवाय शेपटाच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही, हे खानदेशच्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. नवा पाट डोळ्यांना दिसत नाही, एवढाच काय तो फरक. त्याची दारे कोण उघडतो नि कोण बंद करतो, हे ओळखणारी आणि वेळ आल्यास ती दारे स्वतः बसवणारी मुले आपल्याच शाळांतून तयार झाली पाहिजेत.