पुन्हा विद्यार्थी होताना

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. माझा जन्मही त्याच वर्षीचा. ओरोसची सिंधुदुर्गनगरी होत असताना कातळावर तिपाई लावून दुर्बिणीतून बघणारी माणसं आपण शाळेत येता-जाता पाहिली आहेत. त्यात बाई मात्र मला कधी दिसली नाही.

कॉमर्स, पतसंस्थेतली नोकरी, लग्न, दोन मुलं. ३६व्या वर्षी नोकरी सोडून मी मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनात स्थापत्य पदविकेला प्रवेश घेतला. कारण घरातलंच होतं. सासरच्या सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली निम्मी मुंबईला. काजूच्या बागेच्या हद्दीवरून सासरे आणि चुलत सासरे यांचं बोलणं बंद. कागद वाचता येईल असं घरात कोणी नाही.

वर्गातली मुलं मला काकी म्हणायची. भाकऱ्या आटोपल्या की रात्री मी आणि मुलगा एकाच टेबलावर अभ्यासाला. सगळ्यात जड गेलं ते गणित. पण सर, तुम्ही फळ्यावर काढलेला काटकोन त्रिकोण तिथे कामाला आला.

आपल्याकडे सपाट जमीन थोडी. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि नकाशातलं अंतर सपाटीत धरलेलं असतं, आपण टेप मात्र उतारावर टाकतो. ३० अंशांच्या उतारावर टेपचे १०० फूट म्हणजे नकाशात साधारण ८७ फूट. म्हणून नकाशातलं अंतर तसंच उतारावर भरलं की ते गडग्याच्या अलीकडेच संपतं. मग शेजारी म्हणतो, 'तुझी हद्द इथेच संपली, पुढचं माझं.' आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. चोरी कोणीच केली नव्हती.

मी दोघांना काठी आणि दोरी घेऊन अंगणात ते दाखवलं. तरीही रीतसर मोजणीसाठी भूमी अभिलेख खात्याकडे अर्ज केलाच, कारण घरच्या सुनेचं गणित हद्द ठरवायला चालत नाही. मोजणीची खूण जुन्या गडग्याजवळच आली. बोलणं आजही जेमतेमच आहे, पण गणपतीची आरती एकत्र होते.

२०२०मध्ये पदविका हातात आली, तेव्हा सरकारी भरतीच्या वयात मी बसत नव्हते. एका खासगी मोजणीदाराकडे काम धरलं. रस्ते, प्लॉट, बांधकामाची आखणी. पूर्वी ३३ फुटी साखळी धरत, ३३ बाय ३३ म्हणजे एक गुंठा. आता टोटल स्टेशन आणि उपग्रहावर चालणारा रोव्हर. यंत्र अगदी बारीक मोजतं, पण जुना नकाशा साखळीचा. म्हणून जुना दगड, गडगा आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाची आठवण अजूनही विचारावी लागते.

मुंबईकर मित्रांनो, एवढंच सांगते. मोजणीची नोटीस आली की स्वतः या, निदान विश्वासाचं माणूस पाठवा. जुने दगड हलवू नका. आईवडील आहेत तोवर एकदा त्यांच्याबरोबर हद्दीवरून चालून घ्या.

मैत्रिणींनो, शिकायचं राहिलं असेल तर चौकशी करायला लाजू नका. पहिले दोन महिने अवघड जातात, मग काकी वर्गात रुळते.