रेडिओ लहरींचा ताल सांभाळणारी माणसे

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. कणवेगवर्धक यंत्रे आणि त्यांतील रेडिओ लहरींचे नियंत्रण! बी.ए., बी.एड. झालेल्या माणसाने या वाटेला जावे तरी कशाला? पण विषय मुद्दाम निवडला आहे. दहावीनंतर आपली मुले कोणती वाट धरतात हे आपण सारे पाहतो. गॅरेज, वायरिंग, वेल्डिंग, मोबाईल दुरुस्ती. यातले एकही काम हलके नाही. मात्र हेच हात ज्या मोठ्या यंत्रांना हवे असतात, ती यंत्रे आपल्यासाठी नाहीतच, असे घरात बोलल्याशिवाय ठरून गेलेले असते. मग सर्वांत आधी सुटते ते गणित. म्हणून ती यंत्रे आहेत तरी काय, हे आधी पाहू.

मुंबईत कुलाब्याला समुद्रकाठी टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिच्या आवारात १९८८ साली पेलेट्रॉन नावाचा वेगवर्धक सुरू झाला. टाटा संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांचा हा संयुक्त उपक्रम. अणूला विद्युतभार द्यायचा, १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंतच्या दाबाने त्याला पळवायचे आणि दुसऱ्या अणूच्या केंद्रकावर आपटायचे. त्या टकरीतून केंद्रकाची रचना कळते. आपल्या घरातला विजेचा दाब २३० व्होल्ट, यावरून अंदाज करावा. कणांना याहून जास्त वेग द्यायचा तर दाब वाढवत नेता येत नाही. एका मर्यादेनंतर ठिणगी उडतेच. मग शास्त्रज्ञांनी झोक्याची युक्ती घेतली. एकच प्रचंड धक्का देण्याऐवजी लहान लहान धक्के वेळेवर द्यायचे.

हे धक्के देणारा जोडवेगवर्धक, ज्याला लिनॅक म्हणतात, तो पेलेट्रॉनच्या पुढे बसविण्यात आला. त्याचा पहिला टप्पा २००२ साली आणि दुसरा २००७ साली पुरा झाला. त्यात तांब्याची २८ पोकळ भांडी आहेत. आतून त्यांना शिशाचा मुलामा दिलेला आहे आणि द्रवरूप हेलियमने ती उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेली असतात. इतक्या थंडीत शिसे अतिसंवाहक होते, म्हणजे विजेला त्यात जवळजवळ अडथळाच राहत नाही. प्रत्येक भांड्यात रेडिओ लहर सोडली जाते आणि ते भांडे कणाला सुमारे पाच लाख व्होल्टचा धक्का देते.

भांड्यात लहर कशी राहते? यासाठी आपल्याच शहराचे उदाहरण देतो. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान ही प्रसिद्ध तोफ १५४९ साली निजामशाहीत, इथे अहमदनगरात ओतली गेली. ओतणारा उस्ताद तुर्की होता. तोफेवर हलकेच ठोकले तर ती घंटेसारखी निनादते, असे पाहून आलेले लोक सांगतात. प्रत्येक घंटेचा सूर ठरलेला असतो आणि तो तिच्या आकारावर अवलंबून असतो. विज्ञानात याला अनुस्पंदन म्हणतात. लिनॅकचे भांडे ही अशीच घंटा आहे, फक्त तिच्यात आवाजाऐवजी रेडिओ लहर घुमते. तिचा सूर आहे १५० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १५ कोटी हेलकावे. आपण घरी एफएमवर आकाशवाणी ऐकतो, त्या लहरी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या असतात. म्हणजे ही लहर आपल्या रेडिओतल्या लहरीची जवळची नातेवाईकच म्हणायची.

आता खरी अडचण ऐका. हेलकावा एका दिशेने असताना कणाला धक्का मिळतो. क्षणात तो उलटा फिरतो आणि त्या वेळी कण आत आला तर पुढे जाण्याऐवजी मागे ओढला जातो. म्हणून २८ भांड्यांचा ताल एकमेकांशी जुळलेला हवा. लहरीचा एक पूर्ण हेलकावा ३६० अंशांचा धरला, तर एका अंशाचा फरक म्हणजे सेकंदाचा ५,४०० कोटींवा भाग होतो. प्रत्यक्षात त्याहूनही बारीक ताल सांभाळावा लागतो.

आणि घंटा जितकी उत्तम, तितकी ती हट्टी. ही थंड भांडी इतकी निर्दोष घुमतात की स्वतःच्या सुरापासून एक-दोन हर्ट्झ बाजूची लहरही ती धड घेत नाहीत. १५ कोटींत एक-दोन! उलट शेजारच्या पंपाची थरथर, हेलियमच्या दाबातला चढउतार, एवढ्यानेही भांड्याचा आकार केसाच्या अंशाने बदलतो आणि सूर त्याहून जास्त सरकतो. बाहेरून ठराविक सुराची लहर पाठवावी, तर घंटा तोवर दुसराच सूर धरून बसलेली असते.

यावर काढलेला उपाय आपल्या मंडपात सर्वांनी ऐकलेला आहे. माईक कर्ण्यासमोर आला की शिट्टी घुमू लागते आणि मंडपवाला धावत येतो. कर्ण्याचा आवाज माईकमध्ये जातो, मोठा होऊन पुन्हा कर्ण्यातून येतो, पुन्हा माईकमध्ये जातो. कोणी वाजवत नसताना यंत्रणा आपणहून गाऊ लागते. लिनॅकमध्ये हेच मुद्दाम करतात. भांड्यातली थोडीशी लहर बाहेर घ्यायची, अॅम्प्लिफायरमधून मोठी करायची आणि त्याच भांड्यात परत सोडायची. मग भांडे त्या क्षणी ज्या सुरात असेल त्याच सुरात आपोआप घुमते, सूर शोधत बसावे लागत नाही. इतके झाल्यावर नियंत्रक पुढे येतो. एका मुख्य घड्याळाशी, म्हणजे स्थिर लहरीशी, तो भांड्याचा ताल सतत ताडून पाहतो. भांडे मागे पडले तर पुढे रेटतो, पुढे गेले तर आवरतो, जोर कमी-जास्त झाला तर तोही सारखा करतो. कुलाब्याच्या लिनॅकसाठी असे नियंत्रक भाभा केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात तयार झाले.

हा नियंत्रक हिशोब कशाने करतो, हे नववी-दहावीच्या मुलांनी नीट ऐकावे. कोणतीही लहर एकमेकींशी काटकोन करणाऱ्या दोन भागांत मांडता येते. ते दोन भाग काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू समजा. मग कर्ण म्हणजे लहरीचा जोर आणि कोन म्हणजे तिचा ताल. जोर काढायचा तो पायथागोरसच्या प्रमेयाने, ताल काढायचा तो टॅन थीटाने. आमच्या वर्गात ज्या धड्याला 'सर, याचा पुढे उपयोग काय?' असा प्रश्न हमखास येतो, तोच हा धडा. पुढे बरेच शिकावे लागते हे खरे, पण पाया याच पाठ्यपुस्तकातला आहे.

हे सारे केवळ प्रयोगशाळेपुरते आहे असे समजू नका. आपल्यापैकी किती घरांतून कॅन्सरच्या रुग्णाला 'शेक' द्यायला पुण्या-मुंबईला न्यावे लागले असेल! पूर्वी शेक देण्यासाठी कोबाल्टची यंत्रे असत. आता बहुतेक मोठ्या रुग्णालयांत त्यासाठी छोटा लिनॅक असतो. तो इलेक्ट्रॉनला वेग देतो आणि त्यातून क्ष-किरण तयार होतात. त्याची लहर सुमारे ३,००० मेगाहर्ट्झची. ती अनेक यंत्रांत मॅग्नेट्रॉन नावाच्या नळीतून येते. घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये असते त्याच जातीची ही नळी, पण फार ताकदीची. यंत्र चालू झाले की तांब्याची पोकळी तापते, तापली की प्रसरण पावते आणि सूर उतरतो. एक अंश सेल्सिअस तापमान वाढले तर सुमारे ५० किलोहर्ट्झने. मॅग्नेट्रॉनला तेवढेच खाली आणणारे स्वयंचलित नियंत्रण नसेल, तर किरणांची मात्रा डळमळेल. ज्याच्या गाठीवर किरण सोडायचे आहेत त्या माणसाच्या दृष्टीने ही केवढी गोष्ट आहे, हे मी सांगायला नको. अशी यंत्रे मुंबईच्या समीर या सरकारी संस्थेने देशातच बनविली आणि त्यांतील एक वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या रुग्णालयात बसविले गेले. (समीर हे संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलेले नाव आहे, कोणा समीरभाईंचा त्यात हात नाही.)

तुर्भ्याला भाभा केंद्रात प्रोटॉनचा वेगवर्धकही उभा राहिला आहे. अमेरिकेतील फर्मीलॅबच्या नव्या वेगवर्धकासाठी भाभा केंद्राने ३२५ मेगाहर्ट्झचे अॅम्प्लिफायर बनवून दिले. पूर्वी आपण असले सामान बाहेरून आणत होतो.

ही यंत्रे फक्त डॉक्टरेट झालेले लोक चालवत नाहीत. सोल्डरिंग करणारे, पंप सांभाळणारे, हेलियमच्या नळ्या तपासणारे, ऑसिलोस्कोपवर लहर पाहून दोष सांगणारे लोक लागतात. भाभा केंद्र स्टायपेंडरी ट्रेनी घेते. एक गट डिप्लोमा आणि बी.एस्सी. झालेल्यांचा, दुसरा विज्ञान शाखेच्या बारावीवाल्यांचा आणि दहावीनंतर आयटीआय केलेल्यांचा. शिकताना विद्यावेतन मिळते. दोन्ही गटांत गणित आणि विज्ञान पाहतात. इंजिनिअर आणि एम.एस्सी. यांच्यासाठी केंद्राचे ट्रेनिंग स्कूल १९५७ पासून चालू आहे.

पालकहो, एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नये. इंजिनाचा आवाज ऐकून टायमिंग बिघडले आहे हे ओळखणारा मुलगा आपल्या मोहल्ल्यात दर गल्लीत सापडेल. हुनर आहे. पण नववीत गणितात दोनदा कमी गुण मिळाले की 'याच्या नशिबात नाही' म्हणून आपण त्याला दुकानावर बसवतो. मुलीच्या बाबतीत तर तेवढीही वाट पाहत नाही. तिला गुण चांगले असले तरी अकरावी सायन्सचे कॉलेज लांब पडते, एवढे कारण पुरते. ऑसिलोस्कोपसमोर बसून करायचे काम मुलीने का करू नये, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना अकरावीचे इंग्रजी जड जाते, ही अडचण खरी आहे. पण ती भाषेची अडचण आहे, अकलेची नव्हे. दहावीच्या सुट्टीत विज्ञानाचे दोनशे इंग्रजी शब्द पाठ केले, तर पहिले सहा महिने निभावतात.

आणि विद्यार्थ्यांनो, घरी एक प्रयोग करून पाहा. दोन खुंट्यांना आडवी सुतळी बांधा. तिला समान लांबीचे दोन दोरे आणि वेगळ्या लांबीचा एक दोरा लोंबता बांधा. प्रत्येकाच्या टोकाला सारख्या वजनाचा नट अडकवा. समान दोऱ्यांपैकी एकाला झोका द्या. थोड्या वेळाने त्याचा जोडीदार आपोआप हलू लागेल आणि तिसरा जवळपास तसाच राहील. नंतर त्या तिसऱ्याची लांबी हळूहळू बदलून त्याला तालात आणा. किती लांबीला तो जुळतो, ते वहीत सेंटिमीटरमध्ये लिहून सोमवारी मला दाखवा.