माणूस खाण्याची गोष्ट
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘नरभक्षक’ हा शब्द आपण वाचतो तो बहुधा वाघ-बिबट्याच्या बातमीत. माणसानेच माणूस खाणे याला इंग्रजीत ‘कॅनिबॅलिझम’ म्हणतात. त्या शब्दाची जन्मकथा मोठी मासलेवाईक आहे.

१४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेजवळच्या बेटांवर उतरला. तिथल्या लोकांनी पलीकडच्या बेटांवरील आपल्या शत्रूंविषयी त्याला सांगितले, ते माणसे खातात. कोलंबसाला त्यांची भाषा येत नव्हती. शत्रूंचे नाव त्याला कधी ‘कॅरिब’ तर कधी ‘कॅनिब’ असे ऐकू आले. आपण आशियात पोचलो या समजुतीत हे खानाचे लोक असावेत, असाही तर्क त्याने लढवला! त्या ऐकीव नावातून ‘कॅनिबल’ हा शब्द निघाला आणि क्रिकेटमुळे आपल्याला ठाऊक असलेला ‘कॅरिबियन’ही. १५०३ मध्ये स्पेनची राणी इसाबेला हिने विरोध करणाऱ्या कॅनिबलांना पकडून गुलाम म्हणून विकायला परवानगी दिली. मग ज्याला पकडायचे त्याला आधी कॅनिबल म्हणणे सोयीचे झाले.

१५८० मध्ये मॉन्तेन या फ्रेंच लेखकाने मात्र आपल्याच लोकांना आरसा दाखवला. धर्माच्या नावाने जिवंत माणसाचे हाल करणे हे मेलेल्याला खाण्याहून रानटी आहे, असे त्याने लिहिले.

आज हा शब्द कारखान्यांतही वापरतात. बंद पडलेल्या यंत्राचे भाग काढून दुसरे चालू करायचे, तेही कॅनिबलायझेशनच.

आपली मराठी याबाबतीत अधिक प्रामाणिक आहे. ‘डोके खाऊ नकोस’, ‘जीव खाल्लास’ हे आपण घरातल्याच माणसाला म्हणतो. आणि मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारेही दूरच्या बेटावरचे नसतात.

कुराणात, सूरह हुजुरातमध्ये, कुणाच्या पाठीमागे त्याची निंदा करणे म्हणजे मेलेल्या भावाचे मांस खाणे असे म्हटले आहे. या निंदेला आम्ही ‘गीबत’ म्हणतो. भाऊ मेलेला का? तर तो उत्तर द्यायला समोर नसतो. लहानपणी आम्ही भावंडे कुणाची उणीदुणी काढू लागलो, की अम्मी म्हणायची, ‘उठा, आधी चूळ भरून या.’

काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनानंतर आम्ही चौघे चहा पीत बसलो होतो. एका कविमित्राचा विषय निघाला. ‘त्याच्या कविता उसन्या असतात,’ मी सहज बोलून गेलो. पुरावा काहीच नव्हता. त्याला मिळालेली टाळी मला खुपली होती, एवढेच. बोलणे गावभर झाले. त्याची निमंत्रणे कमी झाली आणि पुढे त्याने लिहिणेच सोडले.

गेल्या वर्षी तो वारला. शोकसभेत मी त्याच्या अस्सलपणावर दहा मिनिटे बोललो. लोकांनी डोळे पुसले. चहा आला, तेव्हा मला कप उचलवेना. ती टाळूवरच्या लोण्याची म्हण माझ्याचसाठी होती.

घरी येऊन चूळ भरली. पण शब्द असे धुतले जात नाहीत. निघताना त्याच्या पत्नीने माझे आभार मानले होते. मी तिला अजून खरे सांगितलेले नाही. आज तुम्हाला सांगितले. उद्या तिच्या घरी जायचे आहे.